माशांच्या टँकचा संप कुठे ठेवू? स्टँडखाली, ड्राय बाल्कनीत की माळ्यावर?

मुक्कामीगाडी, नाशिकरोड
१४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी.

मी एस.टी.त कंडक्टर आहे. २०२१-२२ च्या संपात घरी बसून होतो, तेव्हा पोरीच्या हट्टापायी दोन फुटी टँक आणला आणि तिथून हा नाद लागला. आता चार फुटी करतोय आणि त्याला संप लावायचा आहे. घरात "संप करायचाय" म्हटलं तर बायकोने पोळी तव्यावर तशीच सोडली. म्हणाली, "परत?" हा संप म्हणजे टँकचं पाणी खाली घेऊन, गाळून परत वर पाठवायची काचेची पेटी, पगार चालू राहणार, हे समजवायला अर्धा तास गेला. पोळी करपली ती करपलीच.

तर मुद्द्याचं. टँक ४८ इंच लांब, १८ रुंद, २४ उंच. सहा एंजल आहेत, चार क्लाउन लोच आहेत, पुढे दोन-चार वाढतील. स्टँड तयार आहे, लोखंडी अँगलचा, ३० इंच उंच. काचवाला म्हणतो, मागच्या काचेला भोकं कुठे पाडायची ते रविवारपर्यंत सांगा, एकदा पेटी जोडली की मी हात लावणार नाही. म्हणजे संप कुठे बसणार हे मला परवापर्यंत ठरवायचं आहे.

माझ्यापुढे तीन जागा आहेत. एक, स्टँडच्या खाली, सगळे ठेवतात तशी. पण टँक हॉलमध्ये आहे आणि आई हॉलमध्येच दिवाणावर झोपते. तिला पंख्याचा आवाजसुद्धा चालत नाही. दोन, ड्राय बाल्कनी. टँकच्या मागच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, त्याच्या पुढे ड्राय बाल्कनी, मोजून सात फूट पाइप लागेल. तिथे वॉशिंग मशीन आणि मोरी आहे. तीन, मेव्हण्याची आयडिया: संडास-बाथरूमच्या वरचा माळा. तो म्हणतो, संप वर ठेव, पाणी आपोआप खाली येईल, जागा पण वाचेल आणि आवाज पण नाही.

अजून एक सांगतो, कारण त्याने फरक पडेल असं वाटतं. आठवड्यात तीन रात्री माझी मुक्कामाची गाडी असते. सुरगाण्याला झोपतो. त्या रात्री घरी फक्त आई, बायको आणि पोरगी. लाइट आमच्याकडे कधीही जाते. रात्री दोनला पाणी सांडलं तर फोन मला येणार आणि मी पहिली गाडी घेऊनच परत येणार.

पहिल्या मजल्यावर राहतो. खाली राहणाऱ्या काकांशी संबंध चांगले आहेत, ते तसेच ठेवायचे आहेत.


सिंपलमासा, पुणे
१४ नोव्हेंबर, रात्री ११:४१

एवढ्या भानगडीत पडूच नका. मोठा कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, घ्या, स्टँडखाली ठेवा, विषय संपला. संपाचा विषय संपला, असं म्हणतो.


एंजलवाली, कल्याण
१५ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

भाऊ, सिंपलमासा म्हणतात ते चुकीचं नाही. पण काचेला भोकं पाडायची संधी आयुष्यात एकदाच मिळते, आणि तुम्ही ती हातात घेऊन उभे आहात, तर वापरा. भोकं पाडून ठेवलीत आणि नंतर संप नको वाटला तर बूच लावता येतं. उलटं करता येत नाही. काच टफन्ड नाही ना, ते मात्र काचवाल्याला आजच विचारा. टफन्ड काचेला भोक पाडायला गेलं की ती अख्खी चुरा होते.

जागेबद्दल सगळे आधी विचारतात की दिसेल कसं, आवाज येईल का. मी सतरा वर्षं एंजलची पिल्लं काढते, घरात आज नऊ टँक आहेत, आणि मी एकच विचारते: लाइट गेली की पाणी कुठे जाणार? तुमच्या तीन रात्रींच्या मुक्कामामुळे तर तुम्हाला दुसरा प्रश्नच नाही. घरातल्या कोणालाही हात लावावा न लागता पाणी जिथे थांबेल, ती जागा बरोबर.

मी ते कशी शिकले ते सांगते. माझा पहिला संपवाला टँक तीन फुटी होता, ३६ बाय १५. रिटर्नचा पाइप, म्हणजे संपातून पाणी परत टँकमध्ये आणणारा, मी चांगला सात इंच खोल सोडला होता, प्रवाह खालपर्यंत जावा म्हणून. पाइपात पाणी उलटं न येऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह होता, त्यामुळे मी निर्धास्त. एका रात्री लाइट गेली. व्हॉल्व्हच्या पाकळीत गोगलगाईचं एवढंसं शंख अडकलं होतं, पाकळी मिटलीच नाही. पंप बंद, पण पाइप भरलेला, मग पाणी त्याच पाइपाने उलटं खाली यायला लागलं आणि पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत येत राहिलं. त्या टँकचा एक इंच म्हणजे साधारण नऊ लिटर. सात इंचाचे बासष्ट. संपात वर रिकामी जागा होती पंचवीस लिटरची. उरलेले सदतीस लिटर, म्हणजे तीन हंडे, माझ्या हॉलमध्ये, आणि तिथून खालच्यांच्या नव्या पीओपीत. पीओपीला गणपतीच्या आधी रंग दिलेला होता. खालच्या वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त रोज जिन्यात भेटल्या की वर बघायच्या.

तेव्हापासून मी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह वापरत नाही. असला तरी तो नाहीच असं धरून हिशोब करते.

आता तुमचा हिशोब. ४८ बाय १८ म्हणजे एका इंचाला १४ लिटर. मागच्या काचेला वर आतून एक अरुंद पेटी चिकटवून घ्या, तिच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दात. पाणी त्या दातांवरून पेटीत पडतं आणि पेटीतून पाइपाने खाली. पंप थांबला की टँकची पातळी दातांच्या तळापर्यंत उतरते, त्याच्या खाली कितीही प्रयत्न केला तरी उतरत नाही. पेटीकडून जाणारं पाणी असं आपोआप थांबतं. उरला रिटर्न. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीपासून एक इंचभरच खाली ठेवा. म्हणजे एक इंच उतरलं की हवा शिरली, उलटा प्रवाह तुटला. १४ लिटर, पेटीतलं आणि पाइपातलं अजून तीन-चार. धरा वीस. एवढं पाणी झेलायची रिकामी जागा संपात असली की लाइट दहा वेळा जाऊ दे.

हे गणित संप टँकच्या खाली कुठेही असला तरी तेच राहतं, स्टँडखाली काय आणि बाल्कनीत काय. माळ्यावर मात्र सगळं उलटं होतं. मेव्हण्याला सांगा, पाणी आपोआप खाली येईल हे खरं, पण वर आपोआप जाणार नाही. पंप टँकमध्ये बसणार. वरच्या संपाच्या तोंडाशी पान अडकलं, गोगलगाय अडकली, शेवाळ अडकलं, की पंप बिचारा टँकमधलं पाणी वर पाठवतच राहणार आणि माळा वाहतच राहणार. टँक पंपाच्या तोंडापर्यंत रिकामा होईपर्यंत. तीनशे लिटर पाणी, आणि तेही लाइट चालू असताना. खाली असलेल्या संपात असं झालं तर फार तर पंपाच्या कप्प्यातलं पाणी वर जातं आणि पंप कोरडा पडतो. तो कप्पाच लहान ठेवला तर टँक भरून सांडतसुद्धा नाही.

कप्पा किती मोठा, ते दुपारी लिहिते. शाळेची वेळ झाली.


बीमकॉलम, कोल्हापूर
१५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

सिव्हिलवाला आहे म्हणून वजनाचं बोलतो, माशांचं मला फारसं कळत नाही (घरात एक फायटर आहे, तो बरणीतून काढून आता मोठ्या टाकीत टाकलाय).

पाणी सव्वातीनशे किलो, बारा एमएम काचेची पेटी ऐंशीच्या आसपास, खालचा संप भरलेला नव्वद, वाळू-दगड चाळीस, स्टँड साठ. सहाशे किलो झाले. जागा किती? सहा चौरस फूट. राहत्या घराच्या खोल्या चौरस मीटरला २०० किलो भार धरून डिझाइन करतात, आय.एस. ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात तसं दिलेलं आहे. तुमच्या टँकखाली हा आकडा हजाराच्या पुढे जातो. घाबरायचं कारण नाही, कारण स्लॅब भार आजूबाजूला वाटून घेतो आणि बाकीचा हॉल काही गच्च भरलेला नसतो. पण टँक भिंतीला चिकटून, खाली बीम आहे तिथे, कोपऱ्याजवळ ठेवा. हॉलच्या मधोमध नको. तुमच्या खालच्या काकांच्या घरात जाऊन वर बघा, बीम कुठून जातो ते दिसेल. चहाही मिळेल.

संप त्याच स्टँडखाली ठेवला तर वजन एकाच जागी येतं, बाल्कनीत नेला तर वाटलं जातं, असं कोणी म्हणेल. नव्वद किलोने काही ठरत नाही. ठरतं ते माळ्यावर. माळ्याचा स्लॅब तीन-चार इंची असतो, जुन्या गाद्या आणि गणपतीची मखर ठेवायला. त्यावर कायमचं शंभर लिटर पाणी ठेवायचं, तेही बाथरूमच्या वाफेने सळ्या गंजलेल्या असतील तर, मी सही करणार नाही.

स्टँडचे पाय टाइलवर थेट टेकवू नका. खाली अँगलची चौकट फिरवून घ्या. आणि त्या जागेच्या टाइल नाण्याने वाजवून बघा. पोकळ वाजली तर आधी ती बसवून घ्या.


व्हीआयपीएरिया, नागपूर
१५ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

मी जरा विरुद्ध बोलतो. माझा संप ड्राय बाल्कनीतच आहे, पाच वर्षं झाली. पाणी बदलायचं म्हटलं की व्हॉल्व्ह फिरवला, पाणी मोरीत. नवीन पाणी तिथल्याच नळातून ड्रममध्ये मुरवायचं. हॉलमध्ये बादली येत नाही, बायको खूश. कधी सांडलं तर मोरीतच गेलं, खालच्याला कळत पण नाही. आवाज तर शून्य.

पण खरं बोलायचं तर त्रास पण सांगतो. आमच्या उन्हात मे महिन्यात संपातलं पाणी तापतं, मी संपावर पंखा लावतो आणि पांढरं थर्माकोल. दुपारचं ऊन यायचं त्या बाजूने पेटी अशी हिरवी झाली होती की आतला पंप दिसेना, शेवटी काचेला काळा रंग दिला. आणि डास. टँकमध्ये मासे अळ्या खातात, संपात कोण खाणार? वाहत्या पाण्यात नाही होत, पण कोपऱ्यात पाणी थांबलं की होतात. महानगरपालिकेची माणसं अळ्या तपासायला येतात तेव्हा मी जाळी लावून ठेवतो.

वॉशिंग पावडर. हे सगळ्यात वाईट. आमच्या बाईने मशीनवर पावडरचा डबा उघडा ठेवला होता, पंख्याने पावडर उडाली, सकाळी पाण्यावर फेस. पाच मासे गेले. तेव्हापासून संपावर झाकण आणि पावडरचा डबा दुसऱ्या टोकाला.

नाशिकला थंडी पडते ना? निफाडचे आकडे पेपरात वाचतो. बाल्कनीतल्या संपात हीटर ठेवाल तर तो रात्रभर नाशिक गरम करत बसेल.


मुक्कामीगाडी, नाशिकरोड
१५ नोव्हेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. माळा कटाप. मेव्हण्याला सांगितलं तर तो म्हणतो, "मी आपलं सुचवलं." डबल बेल देऊन टाकली त्या विषयाला.

काकांकडे जाऊन आलो. बीम बरोबर आमच्या टँकच्या भिंतीखालून जातो. चहा मिळाला, वर "एवढं मोठं काय ठेवतोय रे वर?" हे पण मिळालं. सांगितलं, मासे. "आम्हाला पण दे एखादा." बहुतेक खायचा विचार असावा.

ड्राय बाल्कनीबद्दल नागपूरच्या भाऊंनी जे लिहिलं ते वाचून बायकोने स्वतःच नको म्हटलं. पावडरचा डबा आमच्याकडे कायम उघडा असतो. आणि भिंतीला दोन मोठी भोकं पाडायची, तीही स्वयंपाकघराच्या टाइलमधून. दिवाळीतच ओटा नवा केलाय.

म्हणजे उरली स्टँडखालची जागा. आता तिथल्या अडचणी. स्टँडला पुढे आणि मागे मध्ये एक-एक पाय आहे. पुढून बघितलं तर दोन खण, प्रत्येकी बावीस इंचांचे. मग संप बावीस इंचीच करायचा का? लहान वाटतो. आणि आईच्या झोपेचं काय करू? दोन फुटी टँकचा एअर पंप ती रात्री हळूच बंद करते. मी मुक्कामाला असलो की नक्की करते, मला माहीत आहे.


एंजलवाली, कल्याण
१५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

बावीस इंची करू नका. पुढून जात नाही तर बाजूने घाला. पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये किती अंतर आहे ते मोजा, अठराच्या स्टँडला पंधरा तरी मोकळं असणार. मग ३६ लांब, १४ रुंद, १५ उंच असा संप एका बाजूने आत सरकतो, मधले पाय आडवे येत नाहीत. ती बाजू भिंतीकडची नको, मोकळी हवी, आणि तिकडचं प्लायचं पान खिळ्याने ठोकू नका, स्क्रूने लावा. उद्या संप गळला तर टँक रिकामा न करता तो बाहेर यायला पाहिजे. सुतार ठोकूनच देतात, उभं राहून करून घ्या.

उंची पंधराच्या वर नको. तीस इंची स्टँडमध्ये वर बारा इंच तरी मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर स्पंज काढताना हात आत जातो आणि कोपर बाहेर राहतं. माझ्या एका टँकला वर सहाच इंच आहेत. मी तो स्पंज महिन्यातून एकदा धुवायचा ठरवते आणि तीन महिन्यांनी धुते.

३६ बाय १४ म्हणजे इंचाला सव्वाआठ लिटर. चालू असताना पाणी आठ इंचावर ठेवा. वर सात इंच रिकामे, अठ्ठावन्न लिटर. लाइट गेल्यावर येणार वीस. मी तुमच्या घरात नसले तरी झोपेन. तुमच्या हातून रिटर्नचं तोंड चुकून तीन इंच खोल गेलं तरी पेटी-पाइपातलं धरून सेहेचाळीस येतील, तेही मावतील. त्यावर अवलंबून राहू नका.

आता पंपाचा कप्पा, सकाळी राहिला होता तो. संपात तीन कप्पे करा. पहिल्यात पाणी पडणार आणि स्पंज, दुसऱ्यात सिरॅमिक रिंग किंवा स्वस्तात करायचं तर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या, चांगल्या चालतात. तिसऱ्यात पंप आणि हीटर. हा तिसरा दहा इंच लांब ठेवा. आठ इंच पाण्यात पंपाचं तोंड दोन इंचावर, म्हणजे पंप फार तर सहा इंच पाणी उपसू शकतो, साधारण चौदा लिटर. टँकला दातांच्या वर, कडेपर्यंत, सव्वा इंच मोकळा ठेवा, तिथे सतरा लिटर मावतात. खाली जाणारा पाइप पूर्ण तुंबला तरी चौदा लिटर वर जातील, सतराची जागा आहे, पंप कोरडा फिरेल, पंप जळेल. जळू दे. पंप नवा येतो, काकांचं छत येत नाही. हे दोन हिशोब, एक लाइट गेल्याचा आणि एक पाइप तुंबल्याचा, जुळले की तुम्ही खुशाल सुरगाण्याला झोपा.

बाष्पीभवन झालं की पाणी फक्त याच कप्प्यात कमी होतं, टँकमध्ये काही दिसत नाही. काचेवर एक रेघ मारा, मुलीला सांगा, रेघेखाली गेलं की तांब्याने ओत. माझ्या नातवाचं ते काम आहे आणि तो ते कधी विसरत नाही, दात घासायला विसरतो.

आवाज. आवाज पाण्याचा नसतो, हवेचा असतो. पाइपात अर्धं पाणी आणि अर्धी हवा खाली पडते, म्हणून गुळगुळ होते. मागच्या काचेला त्या पेटीत एक नाही, तीन भोकं सांगा. खाली जाणारे दोन, एक रिटर्नचं. पहिल्या पाइपाला गेट व्हॉल्व्ह, बॉल व्हॉल्व्ह नको, त्याला बारीक फिरवता येत नाही. तो व्हॉल्व्ह हळूहळू आवळत न्या, पाइप पाण्याने पूर्ण भरेपर्यंत. हवा गेली की आवाज गेला. दुसरा पाइप थोडा उंच, त्यातून नुसती करंगळीएवढी धार जायला हवी. पहिला तुंबला की सगळं दुसऱ्यातून जाईल, आणि तेव्हा तो मोठ्याने गुळगुळेल. आईंना सांगून ठेवा, आवाज आला तर बंद करू नका, मला फोन करा.

पाइपाचं खालचं तोंड संपाच्या पाण्यात एक इंचच बुडवा. खोल बुडवलं तर चालू करताना हवा बाहेर पडत नाही आणि अर्धा तास उचक्या देतं.

पंप पण पारखून घ्या. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तुमच्याकडे संपाच्या पाण्यापासून टँकच्या पाण्यापर्यंत साडेतीन-पावणेचार फूट चढ आहे. कमाल अडीच मीटर चढवणारा, तासाला तीन हजार लिटरचा पंप असेल तर वळणं धरून दीड हजार पोचतील. एंजलना पुरे. त्यांना नदी नको असते.


मुक्कामीगाडी, नाशिकरोड
१६ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

ताई, तुम्ही डेपोत असत्या तर आमचं शेड्यूल कधी कोलमडलं नसतं. पायांच्या मध्ये सव्वापंधरा भरले. डावी बाजू मोकळी आहे. काचवाल्याकडे निघालो.


एंजलवाली, कल्याण
१६ नोव्हेंबर, सकाळी ७:२५

थांबा, दोन गोष्टी राहिल्या. विजेचा बोर्ड संपाच्या वर नको आणि खालीही नको, स्टँडच्या बाजूच्या प्लायला आतून उंचावर. प्रत्येक वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोक्यातून खाली टपकेल, सॉकेटात जाणार नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आहे का बघा, नसेल तर तो आधी, मासे नंतर.

आणि झुरळं. स्टँडखालची जागा ओलसर, उबदार, अंधारी. झुरळं येणारच. तिथे फवारा मारू नका, पेस्ट कंट्रोलवाला आला तर दारं बंद करून, संपावर प्लास्टिक टाकून, एअर पंप दुसऱ्या खोलीत नेऊनच. ती औषधं झुरळाला जेवढी लागतात त्याहून फार कमी माशाला पुरतात. हे घरच्यांना सांगा. तुम्ही मुक्कामाला असताना झुरळ दिसतंच.


सिंपलमासा, पुणे
१६ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

हे सगळं वाचून मी माझ्या कॅनिस्टरला हात जोडले.


मुक्कामीगाडी, नाशिकरोड
११ जानेवारी, रात्री ९:४०

उशीर झाला, पण लिहितो.

टँक ५ डिसेंबरला आला. सात जणांनी उचलला, त्यात काका पण होते. संप आधी डावीकडून आत सरकवला, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. सुताराने खिळे काढले होतेच, मी हातातून घेतले आणि स्क्रू दिले.

पहिले आठ दिवस मासे टाकलेच नाहीत. रोज संध्याकाळी मेन स्विच पाडायचो आणि पोरगी पट्टी घेऊन संपापाशी बसायची. आठ इंचावरून सव्वादहा, प्रत्येक वेळी सव्वादहा, म्हणजे अठरा-एकोणीस लिटर. ताईंचे वीस. मग दुसरी परीक्षा घेतली: खाली येणारे दोन्ही पाइप फडक्याने बंद केले. पाणी वर चढत चढत काठाच्या खाली बोटभर राहिलं आणि पंप घरघरायला लागला. बायको फरशी पुसायचं फडकं हातात घेऊन उभी होती, तिचीच थोडी निराशा झाली.

गेट व्हॉल्व्ह लावायला दीड तास गेला. एक आटा इकडे आणि टँकची पातळी चढते, एक आटा तिकडे आणि गुळगुळ. शेवटी बसला. पहिल्या रात्री आई म्हणाली, "बंद पडलं वाटतं तुझं." मी म्हटलं, चालू आहे. उठून, बॅटरी घेऊन, पाण्याकडे बघून आली आणि झोपली.

लाइट तीनदा गेली आत्तापर्यंत, दोनदा मी सुरगाण्याला होतो. फोन आला नाही. म्हणजे एकदा आला, पण तो गॅस सिलिंडरचा होता.

थंडी यंदा बरी पडली. हीटर संपात असल्यामुळे टँकमध्ये काही दिसत नाही, पाणी २७ च्या आसपास राहतं. दारं बंद असतात म्हणून स्टँडच्या आत ऊब राहते. आईने परवा त्यात दह्याचं भांडं ठेवलं होतं. विरजण छान लागलं. मी काढायला सांगितलं, ती म्हणाली, काय बिघडतंय. ताई, बिघडतं का काही?

आणि एक. चार लोचपैकी एक नाहीसा झाला होता. तीन दिवस शोधलं, खडकाखाली बघितलं, टँकच्या मागे बघितलं, वाटलं उडी मारली असेल. काल स्पंज धुवायला काढला तर पठ्ठ्या संपाच्या पहिल्या कप्प्यात, जिवंत, आधीपेक्षा जाड. कंगव्याचे दात रुंद झाले बहुतेक. त्यावर जाळी लावायची आहे, पण पोरगी म्हणते त्याला तिथेच राहू द्या, त्याने संप केलाय.


एंजलवाली, कल्याण
१२ जानेवारी, सकाळी ६:१०

दह्याचं काही बिघडत नाही, फक्त झाकण घट्ट हवं, आणि भांडं विजेच्या बोर्डाखाली नको. जाळी प्लास्टिकची लावा, भरतकामाची मिळते ना कडक, तीच कापून. लोचला वर घ्या, एकटा राहत नाही तो.